दोन दिवसांचं काम

माझी धाकटी बहीण सत्तावीस वर्षं एकाच चष्म्याच्या दुकानात काम करते आहे. घरात, गल्लीत, दुकानात सगळे तिला धाकटीच म्हणतात. दुकानाचे मालक तिच्याहून बारा वर्षांनी लहान आहेत, तेही धाकटीताई म्हणतात, आणि त्यात काही गंमत आहे असं कोणाला वाटत नाही. मागच्या महिन्यात तिला चौपन्न पूर्ण झाली.

गिऱ्हाईक दारातून आत आलं की ती आधी त्याचा चेहरा नीट बघून घेते, फ्रेम मग काढते. पन्नास फ्रेमा मांडून माणसाला गोंधळात टाकणं तिला मंजूर नाही. ड्रॉवरमधून ती तीनच काढते, आणि तिसरी बरोबर बसते. मग पहिल्या दोन कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "अगं, पहिलीच बसली तर माणसाला वाटतं आपल्याला फसवलं."

डोळे तपासायला आठवड्यातून तीन दिवस डॉक्टर येतात. आतल्या खोलीत खुर्ची, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. सुरुवातीला धाकटी तक्त्याशेजारी पट्टी घेऊन उभी राहायची आणि डॉक्टर सांगतील त्या ओळीवर पट्टी ठेवायची. महिन्याभरात डॉक्टरांच्या लक्षात आलं की अख्ख्या वस्तीची नजर एकाएकी सुधारली आहे. सत्तरीतले आजोबा मुंगीएवढी अक्षरं घडाघडा वाचत होते आणि आठ दिवसांनी नवा चष्मा घेऊन भांडायला येत होते, की यातून काही दिसत नाही. शेवटी उलगडा झाला. गिऱ्हाईक तक्ता वाचतच नव्हतं, धाकटीचे ओठ वाचत होतं. समोरचा हिला पाठ असलेलं काही बोलायला लागला की हिचे ओठ आपोआप हलतात, आवाज न करता, त्याच्या अर्धा क्षण आधी. डॉक्टरांनी तिला खुर्चीच्या मागे उभं केलं आणि तक्त्याच्या दिव्याचं बटणही मागच्या भिंतीवर घेतलं. तेव्हापासून ती मागेच उभी असते.

ही खोड लहानपणापासूनची. शाळेच्या नाटकात तिला पहारेकऱ्याचं काम होतं, भाला धरून नुसतं उभं राहायचं. राणी बोलत होती आणि पहारेकऱ्याचे ओठ हलत होते. सगळी शाळा पहारेकऱ्याकडे बघत राहिली. राणीची आई त्यानंतर वर्षभर आमच्या आईशी बोलली नाही.

कॉलेजात मात्र तिला राण्या मिळाल्या. तिचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेतला माणूस पुढे झुकून ऐकायचा. तेविसाव्या वर्षी एका फिरत्या नाटक कंपनीनं तिला निवडलं. सहा महिन्यांचा दौरा होता. बॅग भरून झाली होती. त्याच आठवड्यात आमच्या वडिलांची उजवी बाजू गेली. माझं लग्न झालेलं होतं आणि मला आठवा महिना होता. आई एकटी वडिलांना उचलू शकत नव्हती. धाकटीला कोणी थांब म्हणालं नाही, आणि कोणी जा पण म्हणालं नाही. बॅग कितीतरी दिवस तशीच भरलेली पलंगाखाली होती. मग एकदा वडिलांना टेकायला उशी कमी पडली तेव्हा तिनं त्यातले कपडे काढून उशीच्या खोळीत भरले.

लग्न तिनं केलं नाही. कारण विचारलं की सांगायची, बघायला आले त्यातल्या एकालाही स्वतःचं वाक्य नीट म्हणता आलं नाही.

माझ्या पोटात तेव्हा जी होती ती माझी लेक आता एकतीस वर्षांची आहे आणि सिनेमा करते. करते म्हणजे आठ वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमात धावपळ केली आणि मधल्या वेळात स्वतःचा लिहिला. या आठ वर्षांत तिला कायमचा पगार नाही, कायमची वेळ नाही, जेवणाचा पत्ता नाही. तिचे बाबा म्हणतात, तुला काळजी करायला विषय लागत नाही, नुसती मुलगी पुरते. खरं आहे. ती घरी आल्याचा किल्लीचा आवाज ऐकल्याशिवाय माझे डोळे मिटत नाहीत.

लहानपणी शाळा सुटली की ती मावशीच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसायची. मी नोकरीवरून येईपर्यंत तिचा अभ्यास, तिचं खाणं, तिची भांडणं सगळं त्या काउंटरमागे व्हायचं. त्यामुळे तिनं जेव्हा स्वतःचा सिनेमा लिहिला तेव्हा त्यात एक काउंटर आला आणि त्यामागे एक बाई आली. बसस्टँडवर लोकांच्या विसरलेल्या वस्तू जमा करतात ना, त्या खिडकीवर तीस वर्षं बसलेली बाई. लोक येतात, विचारतात, ती शोधून देते. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, यात घडतं काय? शेवटी ती बाई नोकरीच्या अखेरच्या दिवशी आपल्याच खिडकीच्या बाहेर येऊन उभी राहते आणि आत बसलेल्या नव्या मुलीला विचारते, माझं काही सापडलंय का. तिथे मी कागद खाली ठेवले आणि उगाच स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे का बघून आले.

पहिल्या पानावर लेकीनं लिहिलं होतं, "वय पन्नासच्या पुढे, आवाज मावशीचा."

दोन वर्षं दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर तालीम चालली. टेबल म्हणजे खिडकी. धाकटी पलीकडे बसायची आणि अलीकडून येणारी सगळी माणसं मी व्हायची, पाकीटवाला मी, चुकलेलं पोर मी. एक छत्रीवाली होती, तीही मीच. ती येऊन विचारते, काळी छत्री, लाकडी मूठ, कोणी दिली का आणून? त्यावर काउंटरवालीचं बोलणं होतं, चांगलं पानभर. त्याची सुरुवात मला आता झोपेतही येते. "वस्तू हरवत नाहीत हो. आपण निघून जातो. वस्तू जिथं ठेवली तिथंच बसून असते."

धाकटी त्यात स्वतःचा एक शब्द घालायची. "वस्तू बिचारी जिथं ठेवली तिथंच बसून असते." लेक दर रविवारी म्हणायची, मावशी, बिचारी नको, तो शब्द लिहिलेला नाही. धाकटी म्हणायची, बरं, आणि पुन्हा बिचारी म्हणायची. त्याशिवाय वाक्य पुढे सरकतच नाही म्हणे. दुकानात काउंटरच्या काचेखाली तिनं ती पानं सरकवून ठेवली होती. गिऱ्हाईक आरशात बघत असलं की ती खाली बघायची.

पैसे द्यायला कोणी यावं म्हणून आधी नमुना दाखवावा लागतो. दुकानाच्या मालकांनी एका रविवारी मागची कोठी दिली. आम्ही घरातल्या आणि शेजारच्या छत्र्या, पिशव्या, डबे, चपला नेऊन फळ्या भरल्या, आणि लेकीनं तिच्या चार मित्रांना घेऊन बारा मिनिटांचा तुकडा काढला. तो मी पहिल्यांदा बघितला तेव्हा एक-दोन मिनिटं मला माझी बहीण ओळखू आली नाही. मग ओळखू आली, आणि वाटलं, हिला आपण इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं. धाकटीनं एकदाच बघितलं. म्हणाली, "मान फार दिसते माझी."

पैसेवाले पहिले भेटले ते पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना असलेले एक गृहस्थ. घरात आम्ही त्यांना खोकीवालेच म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. बारा मिनिटं बघून त्यांनी खिशातला रुमाल काढला, डोळे पुसले, रुमालाची घडी घातली आणि विचारलं, "पण यात आहे कोण?"

लेक म्हणाली, "ह्या आहेत ना."

"ह्या छान आहेत. पण ह्या कोण?"

मग त्यांनी तिला समजावून सांगितलं, आणि तिनं घरी येऊन आम्हाला. अर्धे पैसे ते घालायला तयार होते. उरलेले यायचे ते घरोघरी टीव्हीवर आणि फोनवर सिनेमे दाखवणाऱ्या कंपनीकडून, आणि ती कंपनी सिनेमा नंतर बघते, नाव आधी बघते. खोकीवाल्यांकडे संगणकावर एक तक्ता होता. एका चौकोनात नटाचं नाव घातलं की दुसऱ्या चौकोनात कंपनी काय देईल त्याचा आकडा यायचा. त्यांनी एक-दोन मोठी नावं घालून दाखवली, आकडा टम्म फुगला. लेकीनं मावशीचं नाव घालायला सांगितलं. शून्य आलं. खोकीवाले जरा ओशाळून म्हणाले, तक्ता बिघडलेला नाहीये.

तोडगाही त्यांनीच सुचवला. छोट्या सिनेमांत हल्ली असंच करतात म्हणे. मोठ्या नावाला छोटं काम द्यायचं, दोन दिवसांचं. नाव पोस्टरवर मोठं येतं, तक्त्यात आकडा येतो, आणि मुख्य काम ज्याचं त्याच्याकडे राहतं. छत्रीवालीचं काम बरोबर दोन दिवसांचं होतं. लेकीनं सुटकेचा श्वास टाकला. पण वेळ नव्हता. जुन्या बसस्टँडची जी इमारत तिनं धरून ठेवली होती ती चार महिन्यांनी पाडणार होते. महिनाअखेरपर्यंत नाव आणा, असं खोकीवाले म्हणाले, नाहीतर माझे पैसे मी दुसरीकडे लावतो.

लेकीनं नऊ नट्यांच्या मॅनेजरांना फोन केले. सात जणांनी परत फोन केला नाही. एकानं कागद मागवले आणि गप्प बसला. एक म्हणाला, मॅडम आता छत्र्या मागत नाहीत.

मी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर काम करते. वेळा देते, पट्टे-पिशव्या गरम करते, फाइली ठेवते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन वाजता, बाकी कोणी नसताना, एक बाई गुडघ्यासाठी यायच्या. त्यांचा चेहरा तुम्हाला माहीत आहे, तुमच्या आईलाही माहीत असेल. तीन महिने मी त्यांच्याशी "या मॅडम, उजवीकडची खोली" यापलीकडे अक्षर बोलले नव्हते. पेशंटशी घरचं बोलायचं नाही हा आमच्या डॉक्टरांचा पहिला नियम आहे.

महिना संपायला नऊ दिवस होते. गुडघ्यावर गरम पिशवी बांधली की पेशंटला वीस मिनिटं हलता येत नाही. मी पिशवी बांधली, फोन काढला आणि माझ्या बोटांना फोनचं कुलूप तीनदा उघडेना. काय बोलले ते धड आठवत नाही. मुलीचा सिनेमा आहे, दोन दिवसांचं काम आहे, तुम्ही फक्त छत्री मागायची आहे, असं काहीतरी.

त्या हसल्या. म्हणाल्या, बारा मिनिटं ना, बघते, नाहीतरी तुम्ही मला बांधूनच ठेवलंय.

मी बाहेर जाऊन बसले. पिशवी सोडायला आत गेले तेव्हा पुन्हा सुरुवातीचाच आवाज येत होता. त्या दुसऱ्यांदा बघत होत्या. मी वाट बघत उभी राहिले. शेवटी त्यांनी फोन छातीवर पालथा ठेवला आणि विचारलं, "या कोण?"

"माझी बहीण. चष्म्याच्या दुकानात असते."

"नाटकात होत्या?"

"होणार होती," मी म्हणाले.

त्या दिवशी घरी जाताना मी इतकी फुगले होते की माझा थांबा मागे पडला. मला वाटलं, छत्रीवाली मिळाली.

शनिवारी त्यांच्या मॅनेजरचा लेकीला फोन आला. मॅडमना सिनेमा करायचा आहे. छत्रीवाली नाही, काउंटरवाली. मानधन आधी नको, सिनेमा विकला गेला की हिस्सा द्या. गेली पंधरा वर्षं मॅडम कोणाची तरी आई नाहीतर सासू होऊन दारात उभ्या राहतायत, त्यांना असं काम कोणी आणूनच दिलं नव्हतं, असंही तो म्हणाला. खोकीवाल्यांना कळल्यावर त्यांनी स्वतःची रक्कम न मागता वाढवली. कंपनीनं आठ दिवसांत होकार दिला असता, फक्त लेकीनं हो म्हणायचं बाकी होतं.

लेक माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "आई, तू काय करून बसलीस."

दोन दिवस तिनं मॅनेजरचा फोन उचलला नाही. मी नाही म्हणून कळवते, असं तिसऱ्या दिवशी म्हणाली. नाव नसलेला सिनेमा करू, घरातल्या घरात करू, कोठीत करू. मला दिसत होतं, तिचे डोळे खोल गेले होते. आठ वर्षं. मला ठाऊक होतं की ती नाही म्हणाली तर बसस्टँड पडेल, खोकीवाले जातील, आणि ही पुन्हा दुसऱ्यांच्या सिनेमात चहा कोणाला मिळाला नाही ते बघत फिरेल. आणि मला हेही ठाऊक होतं की एकतीस वर्षांपूर्वी मी तोंड उघडलं असतं तर धाकटी त्या दौऱ्यावर गेली असती. तेव्हा मी गप्प बसले. या वेळी बोलले, आणि बोलले ते काय, तर, "हो म्हण. मावशीला मी सांगते."

दुकानात गेले तेव्हा ती एका शाळकरी मुलीच्या चष्म्याची काडी कानामागे वाकवून देत होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. ती चेहरे बघणारी बाई, तिला किती वेळ लागणार? मुलगी गेल्यावर मी सगळं सांगितलं, दवाखान्यापासून. ती काच पुसत होती, पुसलेलीच पुन्हा.

"तूच दाखवलंस तिला?"

"हो."

"आणि तिनं पूर्ण बघितलं?"

"दोनदा बघितलं."

तिचं फडकं थांबलं. "दोनदा," ती म्हणाली. बाहेरून कोणीतरी काचेतल्या फ्रेमा बघून पुढे गेलं. मग ती म्हणाली, "पोरीला सांग, मी रागावले नाही." मी निघाले तर दारातून मागे बोलावलं. "नको, तसं नको सांगू. थोडी रागावलेय म्हणून सांग. नाहीतर तिला वाटेल मला नकोच होतं."

काचेखालची पानं तिनं काढली नाहीत.

छत्रीवालीचं काम रिकामं झालं होतं. लेकीनं ते मावशीला विचारलं, अगदी चाचरत, आणि मावशीनं विचारलं, दोन दिवस म्हणजे दोन दिवसच ना, मालकांना सांगायला हवं. सत्तावीस वर्षांत आजारपण सोडून तिनं घेतलेली ती पहिली रजा. मीही रजा काढली. मी काय करणार होते तिथे? पण मला घरी बसवलं नसतं.

जुन्या बसस्टँडच्या आत खरी खिडकी होती, खऱ्या फळ्या होत्या. मॅडम वेळेआधी आल्या. गुडघ्याला पट्टा होता, तरी तक्रार नाही. धाकटीला त्यांनी हात जोडून नमस्कार केला आणि बाजूला घेऊन विचारलं, वस्तू हातात घेतल्यावर तुम्ही अंगठा फिरवता तो कसा? धाकटीनं दाखवलं. काच तपासताना फिरवते तसा. मॅडमनी चार वेळा करून बघितलं. चौथ्या वेळी तो अगदी धाकटीचाच अंगठा वाटला, आणि मी दुसरीकडे बघितलं.

पहिला दिवस नुसत्या येण्याजाण्यात गेला. दुसऱ्या दिवशी ते पानभर बोलणं होतं. कॅमेरा दोघींना बाजूनं दाखवणार होता, खिडकीच्या आत मॅडम, बाहेर धाकटी. धाकटीनं विचारलं, काळी छत्री, लाकडी मूठ, कोणी दिली का आणून? चांगलं विचारलं. मॅडमनी बोलायला सुरुवात केली. चार वाक्यं झाली आणि लेकीनं थांबवलं. पुन्हा घेतलं. पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा कॅमेरामननं डोळा काढून हळूच सांगितलं, मावशींचे ओठ हलतायत.

सगळे हसले, धाकटीही हसली. सॉरी म्हणाली, पाणी प्यायली. चौथ्यांदा तिनं दात घट्ट मिटले तर गालाचं हाड वरखाली होऊ लागलं. पाचव्यांदा ओठ आत ओढून धरले तर छत्री हरवलेली बाई न दिसता रडू दाबणारी बाई दिसायला लागली. मॅडमचा आवाज बसत चालला. त्यांना पाच वाजता निघायचं होतं आणि त्यांची पुढची तारीख दीड महिन्यानंतरची होती. खोकीवाले दाराशी उभे राहून घड्याळ बघत नव्हते, पण बघत नसल्याचं सगळ्यांना दिसत होतं.

लेक मावशीजवळ गेली. मी चार हातांवर होते, मला ऐकू आलं.

"मावशी, छत्रीवालीला हे माहीत नाही. ती हे पहिल्यांदा ऐकतेय."

"कळतंय गं मला."

"मग पहिल्यांदा ऐक ना."

"कसं ऐकू?" धाकटी म्हणाली. "दोन वर्षं बोलतेय मी हे. मला पहिल्यांदा ऐकायला येत नाही."

लेकीचा हात मावशीच्या दंडावर होता. लहानपणी चालायला शिकताना तिनं हाच दंड धरला होता. मग तिनं मावशीला दोन्ही खांद्यांना धरून हळूच फिरवलं आणि कॅमेरामनला सांगितलं, मागून घे. मावशीच्या खांद्यावरून मॅडम.

एका टेकमध्ये झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटी वळली तेव्हा तिनंही वाजवल्या.

सिनेमा या वर्षी आला. दोन-तीन ठिकाणी बक्षीस मिळालं, मॅडमविषयी तर भरभरून लिहून आलं. या वयात बाईंनी कात टाकली, असं एकानं लिहिलं. लेकीला आता दुसऱ्या सिनेमाबद्दल खोकीवालेच विचारतात, आणि आधी गोष्ट विचारतात, नाव नंतर. निदान तसं ते म्हणतात. माझी काळजी संपली का म्हणाल तर नाही, तिनं फक्त जागा बदलली आहे.

थिएटरात लागला तेव्हा धाकटीनं सगळ्यांबरोबर यायचं टाळलं. एका बुधवारी, दुकानाच्या सुट्टीला, आम्ही दोघीच दुपारच्या खेळाला गेलो. पंधरा-वीस माणसं असतील. छत्रीवालीचा प्रसंग आला. पडद्यावर डावीकडे धाकटीची पाठ होती, थोडी मान, आणि केसांना लावलेली माझी तपकिरी क्लिप. लोक मॅडमकडे बघत होते. बघण्यासारखंच होतं. मी त्या क्लिपकडे बघत होते. ती किंचित हलत होती, अगदी बारीक, शब्दांबरोबर. माहीत नसेल त्याला दिसणारही नाही.

मग मी शेजारी बघितलं. अंधारात तिचे ओठ हलत होते. मॅडम म्हणाल्या, वस्तू हरवत नाहीत हो. आपण निघून जातो. वस्तू. तिथे मॅडम थांबल्या, एक श्वासभर, आणि त्या रिकाम्या जागेत धाकटीच्या ओठांनी तिचा शब्द म्हटला. मग दोघी मिळून पुढे गेल्या.

त्याआधी तिचं स्वतःचं वाक्य येऊन गेलं होतं, काळी छत्रीचं. तेव्हा तिचे ओठ मिटलेले होते.

बाहेर उन्हात आलो. तिनं डोळ्यांवर हात धरला. चष्म्याच्या दुकानातली बाई, पण स्वतःचा उन्हाचा चष्मा कधी बरोबर नसतो. आम्ही बसच्या थांब्यापर्यंत चालत गेलो. बस लांब वळणावर दिसली तेव्हा ती म्हणाली, "ताई, तिनं बिचारी म्हटलंच नाही."

"नाही म्हटलं."

"तिथं नुसती थांबली." ती बसकडे बघत होती. "पोरगी दोन वर्षं सांगत होती, मला पटत नव्हतं. तो शब्द नकोच होता तिथं."

बस आली. तिनं मला आधी चढू दिलं, आणि मागून, माझ्या पाठीशी, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "पुढच्या वेळी मी पण बिचारी नाही म्हणणार."